बर्फ, बूट आणि बॅटरीचे मोजे : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांसाठी सामानाची यादी दिली होती. त्यात एक ओळ होती : ‘बॅटरीवर तापणारे मोजे, हवे असल्यास.’ त्या ‘हवे असल्यास’वर एवढी पत्रं आली की गॉगल, हेल्मेट, विमा याबद्दल कुणाला काही पडलेलंच नाही असं वाटावं. हिवाळ्यात मी मुलामुलींच्या तुकड्या घेऊन काश्मिरात असते, उरलेलं वर्ष पुण्यात डोंगरातलं सामान विकते आणि दुरुस्त करते. त्यामुळे हे मोजे विकणारीही मीच आणि गिऱ्हाईक गारठून परत आलं की बोलणी खाणारीही मीच. आज फक्त पायांबद्दल.

ताई, मी ठाण्यात बँकेत नोकरी करते. जानेवारीत गुलमर्गला पहिल्यांदाच स्कीइंग शिकायला निघाले आहे. माझे पाय ऑफिसच्या एसीतसुद्धा गार पडतात. ऑनलाइन दोन हजारांपासून तीस हजारांपर्यंतचे मोजे दिसले. कोणते घेऊ? स्वस्तातले चालतील का?

तुम्ही निघालात ते दिवस कडक थंडीचेच आहेत. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरी लोक ‘चिल्लई कलान’ म्हणतात, आणि गुलमर्ग तर २,६५० मीटर उंचीवर. रात्री पारा उणे १० च्या खाली सहज उतरतो. तरीही मोज्यांच्या आधी बुटांचं बोलू, कारण तिथे गारठलेले बहुतेक पाय मी बुटापायीच गारठलेले पाहिले आहेत.

भाड्याच्या दुकानात सकाळी झुंबड असते. देणारा मुलगा घाईत, आपण नवखे. ‘जरा सैलच बरा’ म्हणून एक नंबर मोठा बूट उचलला जातो. मग पाऊल आत हलतं. ते हलू नये म्हणून आपण बकल करकचून आवळतो. पावलाच्या वरच्या अंगाने, अगदी कातडीखालून, बोटांकडे जाणारी एक धमनी असते आणि मधलं बकल नेमकं तिच्यावर बसतं. रक्त अडलं की बोटं गार. मग संध्याकाळी बाजारात जाऊन आणखी एक जाड मोजा आणायचा, दुसऱ्या दिवशी तो आत कोंबायचा, बूट आणखी घट्ट, बोटं आणखी गार. असं करणारे दर वर्षी भेटतात.

बूट घेताना आतला मऊ लायनर बाहेर काढा. नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेच्या मागे किती जागा उरते ते बघा. एक ते दोन बोटं मावली तर माप बरोबर. स्की बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, २४.५ किंवा २५.५ असं, तेव्हा घरून निघतानाच भिंतीला टाच टेकवून दोन्ही पावलं मोजून ठेवा. काढलेला लायनर हाताने दाबून बघा. कालच्या गिऱ्हाइकाचा घाम आणि वितळलेला बर्फ त्यात मुरलेला असेल तर तो जोड सरळ परत द्या. ओल्या लायनरपुढे तीस हजारांचा मोजासुद्धा हात टेकतो.

आता मोजे. मी पहिल्यांदा बघते ती तार कुठून कुठे गेली आहे. मोजा उलटा करा आणि बोटांच्या टोपीवरून हात फिरवा. स्कीइंगमध्ये आधी गारठतात ती बोटं. तार त्यांच्याभोवती फिरलेली हवी. स्वस्तातल्या पुष्कळ मोज्यांत एक तापणारी पट्टी चवड्याखाली किंवा पावलावर चिकटवून दिलेली असते. ती तापते, पण बोटांपर्यंत पोचत नाही, आणि तळव्याखाली असली तर घट्ट बुटात दिवसभर टोचते.

मग लांबी. मोजा गुडघ्याच्या खालपर्यंत यायला हवा, म्हणजे बॅटरी बुटाच्या काठाच्या वर, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला राहते. आखूड मोज्यात ती काठाच्या आत अडकते आणि नडगीवर असा काही वळ उठतो की तिसऱ्या दिवशी बूट घालवत नाही. बॅटरी जोडायच्या दोन पद्धती आहेत. महाग जोड्यांत ती वरच्या पट्टीवर टिचबटणांनी बसते आणि वीजही त्याच बटणांतून जाते. स्वस्त जोड्यांत एक खिसा असतो आणि त्यात गोल पिनेची छोटी वायर. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे मोजे जवळजवळ सगळे या दुसऱ्या जातीचे, आणि वायर तुटलेली असते ती हमखास पिनेच्या मानेशी. विकत घेतानाच तिथे रबराचं लवचीक नळकांडं आहे का ते पाहा. नसेल तर पहिल्या दिवसापासून ती मान कापडी चिकटपट्टीने गुंडाळून वापरा.

कापड लोकर आणि कृत्रिम धाग्याच्या मिश्रणाचं हवं. सुती नको, घाम धरून बसतं. माप तंतोतंत, बोटांपाशी एकही चुणी नको. आणि एका पायात एकच मोजा. तापणाऱ्या मोज्याखाली ‘आपला एक साधा’ घालायचा मोह आवरा.

बॅटरीवरचे आकडे मात्र संशयाने वाचा. अशा बॅटऱ्यांत जो दंडगोल सेल पुष्कळदा असतो, १८६५० नावाचा, त्याचं वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम आणि क्षमता फार तर साडेतीन हजार मिलीअँपिअर-तास. तेव्हा साठ-सत्तर ग्रॅमच्या डबीवर ‘१०,०००’ छापलेलं असेल तर छापणाऱ्याने शाईवर काटकसर केलेली नाही एवढंच म्हणता येईल. स्वयंपाकघरातला काटा वापरा. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि आयएस १६०४६ हा क्रमांक शोधा. ज्या वस्तूला पायाला बांधून मी दिवसभर आपटणार आहे तिच्यावर एवढं तरी असावं.

ऑस्ट्रियाची लेन्झ आणि फ्रान्सची थर्मिक या नावाजलेल्या कंपन्या. तिकडे जोडी बॅटऱ्यांसकट अडीचशे-तीनशे युरोंच्या घरात जाते. दर हिवाळ्यात बर्फात जाणाऱ्याला ते पैसे वसूल होतात. तुमचा पहिला कोर्स आहे. स्कीसाठीचे लोकरीचे चांगले दोन जोड घ्या, बूट वर सांगितलाय तसा निवडा आणि जाऊन या. तेवढ्याने भागलं नाही तर पुढच्या वर्षी मोजे घेऊ. एक अपवाद : एसीत तुमची बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील, तर ते नुसतं ‘गार पडणं’ नाही. त्याला रेनॉड म्हणतात. आधी डॉक्टरांना दाखवा. तसं निघालं तर मात्र मोजे याच वर्षी घ्या, आणि चांगलेच घ्या.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. डब्यावर ‘८ तास’ लिहिलंय. औलीला दोन तासांत मोजे बंद पडले. बॅटरी ३.७ व्होल्ट, ३,००० मिलीअँपिअर-तास. कंपनी फसवते का?

फसवत नाही, अर्धंच सांगते. ते आठ तास सगळ्यात खालच्या पातळीचे. हिशेब तुम्हीच करा : ३.७ गुणिले ३ म्हणजे सुमारे ११ वॅट-तास. वरच्या पातळीवर एक मोजा ५ वॅट खेचत असेल तर दोन तास आणि वर थोडी मिनिटं, झालं. त्यातही लिथियमच्या सेलला थंडी मानवत नाही. शून्याच्या खाली उतरलं की त्यातून निघणारी वीज चांगलीच घटते. म्हणून स्कीची पँट बॅटरीवरून खाली ओढलेली हवी, बॅटरी बाहेर मिरवायची नाही.

खरी चूक वापरण्यात असते. पाय गारठल्यावर मोजे सुरू करायचे आणि एकदम ‘फुल्ल’, असं बहुतेक लोक करतात. एवढ्याशा तारेने गारठलेलं पाऊल परत तापत नाही, ती फक्त ऊब राखू शकते. खोलीत कोरडे पाय कोरड्या मोज्यात घालताना खालच्या पातळीवर सुरू करा. घसरत असता तेव्हा पोटऱ्या आणि मांड्या काम करतात, रक्त पळतं. तेव्हा बंद किंवा अगदी मंद. गारठतात ते बसल्यावर. औलीची चेअरलिफ्ट उघडी, पाय लोंबकळत आणि वारा खालून. तिथे वरची पातळी लावा आणि बुटाची मधली बकलंही सैल करा. उतरल्यावर पुन्हा आवळायची. गुलमर्गच्या गंडोल्यात, म्हणजे तिथल्या रोपवेत, बंद डबा असतो, पण दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर, जवळपास ३,९५० मीटरवर, बाहेर पाऊल टाकलंत की वारा काय असतो ते कळतं. तिथे उभं राहून फोटो काढायचे असतील तर त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी वीज राखून ठेवा.

आणि धड गार असेल तर पाय गरम राहणार नाहीत. छाती-पोटाची ऊब कमी पडली की शरीर हातापायांच्या टोकांचं रक्त आखडतं, काळीज-मेंदू आधी. टोपी, गळपट्टा, सकाळचा पोटभर नाश्ता हे सगळं पायांसाठीच आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही ‘चहा-सिगरेट ब्रेकमध्येसुद्धा बोटं बधिर’ असं लिहिलंय. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. नुसता चहा घ्या.

रात्रीचं चार्जिंग : बाहेरून आल्या आल्या गारठलेली बॅटरी चार्जरला लावू नका. शून्याखाली असताना चार्ज केल्यास सेलच्या आत लिथियमचा थर जमतो आणि बॅटरी कायमची कमजोर होते. तासभर खोलीत राहू द्या. डोंगरात हिवाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा ‘झोपताना लावू’ म्हणूही नका. जेवायला जाण्याआधी लावा.

कोल्हापूरहून आमचा सहा जणांचा ग्रुप केदारकंठाच्या ट्रेकला चाललाय. सगळ्यांनी बॅटरीचे मोजे घ्यायचे का?

नको. चालताना पाय स्वतःच तापतात, वर मोजा तापवला तर घाम येईल आणि थांबलात की तोच घाम गारठवेल. पायथ्याच्या सांक्रीहून निघताना प्रत्येकाच्या पाठपिशवीत लोकरीचा एक जोड फक्त झोपायचा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. तो काहीही झालं तरी चालताना घालायचा नाही. उरलेल्या पैशांत चांगले गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं, घ्या, म्हणजे बर्फ बुटात शिरणार नाही.

वय ६८, राहणार नाशिक. मधुमेह पंधरा वर्षांपासून. मुलगा कॅलगरीला असतो, त्याने तापणारे मोजे पाठवले आहेत. डिसेंबरात तिकडे जाऊन नातवाबरोबर बर्फात घसरगाडी खेळायचा विचार आहे. पायांना मुंग्या येतात, कधी चप्पल निसटली तरी लक्षात येत नाही. मोजे सकाळपासून रात्रीपर्यंत घातले तर चालतील ना?

काका, ते मोजे घालू नका. सकाळपासून रात्रीपर्यंत नाही आणि पाच मिनिटंही नाही.

तुम्ही सहज लिहून गेलात ते चपलेचं वाक्य या सगळ्या टपालातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. चप्पल पायातून गेलेली कळत नाही, याचा अर्थ पावलांच्या नसा खबर द्यायच्या बंद होत चालल्या आहेत. हे मोजे वापरणाऱ्याचं रक्षण करते ती त्याची स्वतःची जाणीव : चटका बसला की तो बटण दाबतो. तुम्हाला तो चटकाच कळणार नाही. भाजायला उकळतं पाणी लागतं असंही नाही. कातडीवर नुसते ४४ अंश सलग सहा तास राहिले तरी भाजतं, हे १९४७ सालीच मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी मोजून दाखवलंय. तापमान वाढलं की लागणारा वेळ झपाट्याने कमी होतो, आणि पुष्कळ मोज्यांची वरची पातळी या आकड्याच्या आसपास किंवा वरही जाते.

काश्मिरात फेरनच्या, म्हणजे घोळदार लोकरी झग्याच्या, आत कांगडी घेऊन बसतात, वेताच्या विणीत मातीचं भांडं आणि त्यात निखारे. सुख असतं ते, मीही घेते. पण वर्षानुवर्षं मांडीशी आणि पोटाशी धरली की तिथल्या कातडीवर जाळीसारखे काळपट डाग उठतात, आणि काहींना त्याच जागी कर्करोग होतो. ‘कांगडी कॅन्सर’ या नावाने डॉक्टरी लिखाणात त्याची नोंद एकोणिसाव्या शतकापासून आहे. ज्यांच्या पायांना जाणीव पक्की आहे त्यांनासुद्धा मंद उष्णता अशी नकळत धरते. तुमच्या पायाला फोड आला तर तो संध्याकाळी मोजा काढल्यावर दिसेल, आणि मधुमेहात पायाची जखम भरायला किती दिवस घेते ते तुम्हाला मी सांगायला नको.

निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांकडून पावलांची तपासणी करून घ्या. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून जाणीव बघतात, दोन मिनिटांचं काम. कॅलगरीत अर्धा नंबर मोठे, आत लोकरी अस्तर असलेले बर्फाचे बूट घ्या आणि पोटरीला करकोचा न पडणारे लोकरीचे मोजे. खेळा थोडा वेळ, घरात या, पुन्हा जा. आत आल्यावर पाय हीटरसमोर किंवा गरम पाण्यात धरायचे नाहीत. रोज रात्री आरसा खाली ठेवून दोन्ही तळवे बघायचे, नातवाला बघायला सांगितलं तर तो आनंदाने बघेल. मोजे मुलाला देऊन टाका. सकाळी गाडीवरचा बर्फ खरवडताना त्याला उपयोगी पडतील.

सांगली. माझ्या मेहुण्याची मागच्या हिवाळ्यात औलीला पायाची दोन बोटं पांढरी पडली, हात लावलेला कळेना. एकाने बर्फ चोळा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने बॅटरीचे मोजे चढवून फुल्ल करा म्हणून. बरोबर कोण?

दोघंही चूक. बर्फ चोळल्याने कातडी आणखी फाटते. आणि बधिर पायावर तापता मोजा म्हणजे नाशिकच्या काकांना जे सांगितलं तेच.

आधी आडोशाला किंवा खोलीत आणा. बूट, मोजे उतरवा, ओलं असेल ते सगळं काढा. बोटं दुसऱ्याच्या काखेत किंवा पोटावर धरा. थोड्याच वेळात मुंग्या, ठणका आणि लाली परत आली तर निभावलं. त्या दिवशी पुन्हा बर्फात जायचं नाही एवढंच. बोटं कडक असतील, लाली येत नसेल तर हिमदंश समजा आणि डॉक्टर गाठा. औलीहून म्हणजे खाली जोशीमठला. डॉक्टर लांब असतील आणि बोटं पुन्हा गोठायची अजिबात शक्यता नसेल, तरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास धरायची. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी असतं तसं हवं. पाणी निवत जातं, अधूनमधून ऊन पाणी घालत राहायचं, पण पाय बाहेर काढून. फार दुखतं, ते दुखणं चांगलं लक्षण आहे. फोड आले तर फोडायचे नाहीत. आणि बुखारीजवळ, म्हणजे खोलीतल्या शेगडीजवळ, पाय नेऊन बसायचं नाही. पुढे चालत उतरायचं असेल तर मात्र गोठलेलं तसंच ठेवून उतरा, कारण एकदा वितळून पुन्हा गोठलेलं बोट वाचवणं फार कठीण असतं.

डोंबिवली. सासूबाईंनी बॅटऱ्या काढून माझे मोजे बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये धुतले, ड्रायरही फिरवला. आता एक मोजा तापत नाही. शिवाय मोजा ओला असताना सुरू केला तर शॉक बसेल का?

शॉक बसणार नाही. घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात, इथे ३.७ किंवा ७.४. सासूबाईंना काही बोलू नका; बॅटऱ्या काढायच्या त्यांना सुचलं, ते माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तरुण मंडळींना सुचत नाही.

आता शोध घेऊ. चालणाऱ्या मोज्याची बॅटरी न चालणाऱ्याला लावा. तापला तर मोजा ठीक, दोष त्याच्या आधीच्या बॅटरीत किंवा तिच्या चार्जिंगमध्ये. नाही तापला तर टिचबटणं बघा. साबण आणि घामाने त्यांवर हिरवट-पांढरा थर धरतो. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन घासा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा लावून बघा. बऱ्याच वेळा एवढ्यावर काम होतं. तरीही थंडच असेल तर ड्रायरमध्ये तार तुटली. ती विणीतच गुंफलेली असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, वॉरंटी असेल तर मागा. मध्येच तुटलेली तार गाठ मारून जोडून देणारे कारागीर आहेत. गाठीपाशी ती जास्त तापते, मी तसं करून देत नाही.

पुढच्या वेळी : मोजा उलटा करा, कोमट पाण्यात लोकरीचा पातळ साबण, ईझीसारखा. हाताने दाबून धुवा. मशीनच लावायचं तर जाळीची पिशवी, ३० अंश आणि सगळ्यात हलकं चक्र. मऊपणासाठी घालतात ते कम्फर्टसारखं द्रव टाळा, धाग्यावर थर बसून घाम शोषला जात नाही. पिळायचं बिलकूल नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग सावलीत आडवे पसरून वाळवा. इस्त्री नाही, ड्राय क्लीनिंग नाही. आणि बर्फातून आल्यावर रोज धुवायचे नसतातच. रात्री उलटे करून हवेशीर टांगले की पुरे. कोर्स संपल्यावर घरी येऊन एकदा धुवा.

आम्ही ऑटावाला असतो. रिडो कालव्यावर मुलीला स्केटिंगला नेतो, ती दहा वर्षांची. तिला तापणारे मोजे घ्यावेत का?

तिला नको, तुम्हाला घ्या. स्केट हे बोटांशी इतके घट्ट बसतात की आत तार आणि जाड विण मावत नाही, रक्त अडतं आणि हेतूच फसतो. स्केटिंगसाठी उलट पातळ लोकरी मोजा बरा. शिवाय खेळात रमलेलं मूल ‘भाजतंय’ हे वेळेवर सांगत नाही. तिचे स्केट गाडीच्या थंडगार डिकीत ठेवू नका, घरातून उबदार घेऊन निघा. ७.८ किलोमीटर लांब पट्टा आहे तो, मध्ये बीव्हरटेल, म्हणजे तिथली तळलेली गोड पोळी, खायला थांबाल तेव्हा लेस सैल करून बोटं हलवायला लावा. काठावर थर्मास धरून पुतळ्यासारखे उभे असतात ते आई-बाप. न हलणाऱ्या पायांना हे मोजे खरे उपयोगी, आणि तुमच्या बर्फाच्या बुटात जागाही भरपूर. फक्त कालवा उघडला आहे ना ते बघून निघा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पुरेसा बर्फच धरला नाही म्हणून तो एकही दिवस उघडला नव्हता.

मे महिन्यात युरोप टूरला चाललोय, स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला बर्फात जाणार. तापणारे मोजे लागतील का? सहकारनगर, पुणे.

३,४५४ मीटरवर आहे खरं, पण तुम्ही तिथे आगगाडीत बसून जाणार, ऊब असलेल्या इमारतीत उतरणार आणि झेंड्यापाशी फोटो काढून परत फिरणार. लोकरीचे मोजे आणि पाणी न शिरणारे बूट. संपलं.

नागपूरहून श्रीनगरला विमानाने जाताना बॅटऱ्या बॅगेत टाकल्या तर चालतात का?

चेक-इनच्या बॅगेत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक, दोन्ही केबिनमध्ये आपल्याजवळ. मर्यादा एका बॅटरीमागे १०० वॅट-तासांची आहे आणि वर हिशेब केला ती बॅटरी जेमतेम ११ ची, त्यामुळे अडवण्याचं कारण नाही. मोज्यांपासून त्या सोडवा, टोकांवर चिकटपट्टी लावा आणि प्रत्येकी वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा. विमान भरलेलं असलं की दारातच हातातली बॅग घेऊन खाली टाकतात. त्या वेळी बॅटऱ्या काढून खिशात घ्यायची आठवण ठेवा. घाईत नेमकं तेच विसरतं.

रत्नागिरी. हिवाळ्यानंतर मोजे ठेवायचे कसे? आमच्याकडे पावसात कपाटातल्या बुटांनासुद्धा बुरशी येते.

मोजे आणि बॅटऱ्यांचा संसार वेगळा करा. मोजे धुऊन कडकडीत वाळवा, घडी न घालता सैल गुंडाळी करा, कारण एकाच जागी वर्षभर घडी राहिली की तार तिथेच थकते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. लोकरीला कसर लागते, तेव्हा कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. डांबरगोळ्या नकोत, पुढच्या हिवाळ्यात बंद खोलीत सगळ्यांना त्या वासात झोपावं लागतं.

बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवू नका आणि पूर्ण रिकाम्याही नको. अर्ध्याच्या आसपास ठेवा, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या जागी. गॅलरीतल्या पत्र्याच्या कपाटात किंवा फ्रिजवर नाही. गणपतीच्या आसपास एकदा बाहेर काढून बघा, उतरली असेल तर पुन्हा अर्ध्यावर आणा. बघताना डबीच्या कडा बोटाने चाचपा. जराशी जरी फुगलेली वाटली तर ती बॅटरी संपली. चार्जरला लावायची नाही, टोचून हवा काढायची नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोचवा, किंवा ज्या कंपनीची आहे तिला कळवा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. एकच फुगली असली तरी नवीन घेताना दोन्ही पायांच्या एकदम बदला, नाहीतर एक पाय दुपारी दोनला गार पडतो आणि दुसरा चारला.